रंकाळ्यावरचा बोया आणि घसरलेला ऑक्सिजन

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यात सोडलेला बोया, म्हणजे नांगरून ठेवलेलं तरंगतं मोजणीयंत्र, पहिल्या पहाटे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 5.4 मिलिग्रॅम दाखवत होता. आठ दिवस आकडा तिथंच रेंगाळला. मग उतरणीला लागला आणि विसाव्या दिवशी पहाटे 3.2 वर आला. या काळात यंत्राची कसलीच तक्रार नव्हती. दर पंधरा मिनिटांनी मोजणी होत होती, दर तासाला संदेश येत होता, एकही संदेश गळला नव्हता, बॅटरी भरलेली होती.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन किमान 5 आणि मासे-वन्यजीवांसाठीच्या पाण्यात किमान 4 असावा लागतो. म्हणजे 3.2 हा आकडा खरा असेल तर महापालिकेला आजच कळवायला हवं, कारण पुढच्या एखाद्या ढगाळ पहाटे काठाला मेलेले मासे लागू शकतात. आणि खोटा असेल तर? एकदा खोटी हाकाटी केली की पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

हा बोया आणि त्याची नोंदवही अभ्यासासाठी कल्पून मांडलेली आहे. तरंगती यंत्रं सांभाळताना जे वारंवार घडतं ते एका जागी आणलंय. वजनं, वीज आणि ऑक्सिजनचे हिशोब मात्र कुणीही कागदावर पडताळून बघावेत.

समुद्राचं यंत्र तळ्यात कशाला

बोया शेवटी जाणार आहे रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ, 20 मीटर पाण्यात. घाट उतरून तिथं जायचं, मच्छीमार बोट ठरवायची, आणि पाण्यात सोडल्यावर कळायचं की एक ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, नीट बसलेली नाही, हा धंदा महागात पडतो. रंकाळ्यात तीच चूक एका फेरीत निस्तरते. म्हणून आधी तळ्यात तीन महिने.

बांधणी साधी आहे. 75 सेंटिमीटर व्यासाची, 30 सेंटिमीटर जाडीची बंद पेशींच्या फोमची चकती, मधून स्टीलचा नळा. वर सोलर पॅनेल, दिवा, अँटेना. खाली पाण्यात अर्ध्या मीटरवर तापमान, क्षारता, गढूळपणा आणि ऑक्सिजन मोजणारी नळी. चकतीचं आकारमान 132 लिटर, म्हणजे गोड्या पाण्यात ती जास्तीत जास्त 132 किलो पेलते. साखळी सोडून सगळ्याचं वजन 55 किलो. त्या वजनाला चकती साडेबारा सेंटिमीटर बुडते.

समुद्रात खारं पाणी उचलून धरेल, बोया वर येईल, मग सेन्सर उघडे पडतील का, असं हमखास विचारलं जातं. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. फरक पडतो तीन मिलिमीटरचा. तो सोडून द्या. खरा फरक साखळी पाडते. 10 मिलिमीटरच्या साखळीचं पाण्यातलं वजन मीटरला जवळपास 1.9 किलो. रंकाळ्यात 4 मीटर खोलीला ते आठ किलोंच्या आत राहतं, 20 मीटर समुद्रात 38 किलो लोंबकळतात आणि चकती साडेवीस सेंटिमीटर बुडते. वर उरतात साडेनऊ. लाटांत एवढ्यावर भागवणं आमच्या मते धोक्याचं, म्हणून समुद्रासाठी वर-खाली साखळी आणि मधे नायलॉनचा दोर.

नांगराच्या बाबतीत कोल्हापूरकरांना एक आयती सोय आहे. सगळे सिमेंटचा ठोकळा ओततात, कारण तो स्वस्त. पण 100 किलोचा सिमेंटचा ठोकळा पाण्यात 58 किलोच उरतो. बिडाचं 100 किलो वजन पाण्यात 86 किलो भरतं. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात फाउंड्रीच्या दारात रिजेक्ट कास्टिंग पडलेली असतात. भंगाराच्या भावानं घ्यायची, आरपार भोक असलेली निवडायची, शॅकल घालून एकत्र बांधायची. नावेत चढवताना 30-30 किलोचे तुकडे सुटे चढवता येतात, हा आणखी एक फायदा. अख्खा ठोकळा कुणीतरी पायावर पाडून घेतोच.

साखळी खोलीच्या तिप्पट, 12 मीटर. त्यामुळे बोया नांगराभोवती सुमारे 11 मीटरच्या त्रिज्येत फिरतो. हे वर्तुळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

विजेचा हिशोब थोडक्यात: सेन्सरला दिवसाला 2.9 वॉट-तास, नोंदी साठवणाऱ्या लॉगरला 1.4, मोडेमला 1, सेन्सरची काच पुसणाऱ्या ब्रशला 0.4, दिव्याला 1.2. सगळं मिळून 7 धरा. 12.8 व्होल्ट, 12 अँपिअर-तासांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीतली 80 टक्के वीज वापरली तर ऊन नसतानाही सतरा दिवस निघतात. 20 वॉटचं पॅनेल पुरून उरतं, बगळे त्यावर बसून ते पांढरं करेपर्यंत. पॅनेलच्या कडेनं केबल-टायची उभी टोकं लावली की बगळे निम्म्याहून कमी होतात. पूर्ण जात नाहीत.

तळ्यात मोबाइलची रेंज असते, त्यामुळे साधं 4जी मोडेम चालतं. इथं संदेश बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तांत्रिक नसतंच: सिमचा रिचार्ज संपलेला असतो. म्हणून प्रत्येक मोजणीला क्रमांक द्यायचा, ती कार्डावर साठवायची, आणि रिचार्ज झाल्यावर राहिलेले क्रमांक परत मागवायचे.

संशयित तीन

3.2 चं स्पष्टीकरण तीन प्रकारे देता येत होतं. तळं खरंच बिघडलं. किंवा केंदाळाचा (जलपर्णीचा) गठ्ठा वाऱ्यानं येऊन बोयाला अडकला; त्याच्या सावलीत ऑक्सिजन खरोखरच कमी असतो, पण तो तळ्याचा नव्हे, त्या गठ्ठ्याखालचा आकडा. किंवा सेन्सरच्या काचेवर थर बसला.

याआधी एक किरकोळ शंका काठावरूनच निकालात काढायची होती. दुपारची कमाल आलेखावर सकाळी साडेदहाला दिसत होती. शेवाळ असलेल्या तळ्यात ऑक्सिजन दिवसभर चढतो आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास टोकाला जातो. साडेदहा आणि चार यांत साडेपाच तासांचं अंतर. बोया भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ पाठवत होता आणि पडद्यावर ती भारतीय वेळ म्हणून छापली जात होती. बोयातलं घड्याळ जागतिक वेळेवरच ठेवावं, बदल फक्त दाखवताना करावा. बोयात बदलायला गेलात तर जुन्या-नव्या नोंदींची कायमची खिचडी होते.

केंदाळाची शंकाही काठावरून फिटली. गठ्ठा अडकला की तीन गोष्टी एकदम बदलतात: पाण्याच्या तापमानातला दिवस-रात्रीचा फरक आकसतो, पानं वर आल्यानं पॅनेलचा चार्जिंग करंट घटतो, आणि गठ्ठा शिडासारखा वारा धरत असल्यानं बोया वर्तुळाच्या एका कडेला ताणून बसतो. इथं तापमानाचा फरक जसाच्या तसा होता, चार्जिंग ठीक होतं, आणि जीपीएसचे ठिपके 11 मीटरच्या वर्तुळात सगळीकडे विखुरलेले होते. म्हणजे केंदाळ नाही.

उरले दोन. आणि हे दोघं दिसायला जुळे भाऊ. पहाटेचा आकडा खाली जात असताना दुपारचा 8.6 वरून 9.3 वर चढला होता. तळ्यात शेवाळ वाढलं तरी असंच होतं, दिवसा ते ऑक्सिजन बनवतं आणि रात्री खातं. पण काचेवर बोटभर जागेत शेवाळाचा थर बसला तरी नेमकं हेच होतं. ऑप्टिकल सेन्सरमध्ये निळा प्रकाश एका रंगद्रव्यावर पडतो, ते तांबूस चमकतं, आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी चमक मंदावते. सेन्सरला कळतो तो फक्त त्या रंगद्रव्याला टेकलेला ऑक्सिजन. वर जिवंत थर असेल तर सेन्सर तळं मोजत नाही, थराचा श्वास मोजतो.

एक धागा मात्र नोंदवहीत होता आणि तो कुणी बघितला नव्हता. काच पुसणाऱ्या ब्रशची मोटर पहिले आठ दिवस 90 मिलिअँपिअर घेत होती. नवव्या दिवसापासून आकडा चढत गेला आणि विसाव्या दिवशी 160 झाला. उतरण सुरू झाली तोही नववाच दिवस. मोटरचा करंट हे यंत्राचं पथ्यपाणी समजून आलेखावर काढलंच जात नाही. आमच्या मते तो ऑक्सिजनच्या रेषेखालीच छापला पाहिजे.

पहाटेची फेरी

ही तपासणी भर दुपारी करून उपयोग नाही. वाद पहाटेच्या आकड्याचा आहे, तर पहाटेच जायला हवं. पावणेसहाला नाव बोयाजवळ. सोबत काठावर ताजा जुळवलेला हातातला मीटर, झाकणाची बादली, मत्स्यालयाचा बॅटरीवरचा पंप, मऊ टूथब्रश, आणि हवेचा दाब मोजणारं यंत्र.

दाबाचं यंत्र का, ते सांगायला हवं, कारण कोल्हापुरात हमखास चुकतं ते इथंच. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथला खरा दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. मोबाइलवरचं हवामान मात्र 1010 दाखवतं, कारण ते समुद्रसपाटीला आणलेला दाब छापतं. तो आकडा मीटरमध्ये घातला की ऑक्सिजन सहा-सात टक्के चुकलाच. 25 अंशांना हवेनं पूर्ण भरलेल्या गोड्या पाण्यात समुद्रकाठी 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आपल्याकडे 948 दाबाला 7.7. पुस्तकातला 8.26 धरून कोल्हापुरात सेन्सर जुळवणारे कमी नाहीत.

क्रम महत्त्वाचा. आधी काहीही न हलवता मीटरचा दांडा बोयाच्या सेन्सरशेजारी त्याच खोलीवर धरला. बोया 3.2, मीटर 4.4. मग नळी वर काढली, पण पुसली नाही. इथं हात शिवशिवतात, घाण दिसली की माणूस पुसतोच. नावाड्यानं ती बघितली आणि म्हणाला, "साहेब, ब्रशला शेवाळाची शेंडी आलीया की!" खरंच आली होती. दोऱ्यासारखं हिरवं शेवाळ ब्रशच्या मुळाशी गुंडाळून पिळलं गेलं होतं. ब्रश काचेवरून जाण्याऐवजी ती शेंडीच काचेवर फिरवत होता. फोटो काढला, तारीख-वेळ दिसेल असा.

तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन पंपानं अर्धा तास हवा सोडली, बादली सावलीत, तापमान 25. न पुसलेला सेन्सर बादलीत 6.5 वर थांबला. मग शेंडी कापली, काच टूथब्रशनं पाण्यातच साफ केली, साबण किंवा स्पिरिट लावलं नाही, आणि सेन्सर परत त्याच बादलीत. आता 7.6. असायला हवा 7.7. म्हणजे थराची चूक 1.1 आणि सेन्सरची स्वतःची घसरण फक्त 0.1. बादली एकच ठेवायची ती याचसाठी. पुसण्याआधीचा आणि नंतरचा फरक थराचा, नंतरचा आणि खऱ्याचा फरक यंत्राचा. दोन्ही एकत्र केले की दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

नळी पाण्यात परत सोडली तेव्हा सहा चाळीस झाले होते. बोया 4.4, मीटर 4.4.

आकडा कसा दुरुस्त करायचा

इथं दोन रस्ते फुटतात. बादलीत सेन्सर 7.6 च्या जागी 6.5 म्हणाला, म्हणजे सुमारे 15 टक्के कमी. टक्केवारीनं दुरुस्त केलं तर पहाटेचा 3.2 होतो 3.7. ठोक फरकानं, म्हणजे सरळ 1.1 मिळवून, होतो 4.3. एक आकडा 4 च्या खाली, दुसरा वर. महापालिकेला फोन करायचा की नाही हे या निवडीवर ठरतं.

पाण्यातल्या शेजार-तपासणीनं निकाल दिला: 4.4, ठोक फरकाच्या जवळ. कारणही पटतं. थर काच नुसती झाकत असता तर चूक प्रमाणात आली असती. हा थर श्वास घेत होता, अंधारात ठरावीक ऑक्सिजन खात होता, म्हणून चूक ठोक रकमेची. पण हा नियम समजून पाठ करू नये. गाळ बसला असेल, बुळबुळीत तपकिरी थर असेल, तर हिशोब पुन्हा वेगळा होईल. शेजार-तपासणी टाळून नुसत्या बादलीवर भागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता ती 1.2 ची चूक मागच्या दिवसांवर वाटायची. साधारण रीत म्हणजे मागच्या स्वच्छतेपासून आजपर्यंत सरळ रेषेत. इथं मोटरच्या करंटनं सुरुवातीची तारीख दिलेली होती, म्हणून पहिले आठ दिवस हात लावला नाही आणि पुढच्या बारा दिवसांवर दिवसाला 0.1 अशी चढती दुरुस्ती केली. आणि मग जे दिसलं ते कच्च्या रेषेत झाकलेलं होतं: तेराव्या दिवसापर्यंत तळं जवळपास सपाट, मग चौदा ते सोळा या तीन दिवसांत जवळजवळ 1 मिलिग्रॅमचा उतार. ते तीन दिवस परतीच्या पावसाचे. आकाश भरलेलं, दिवसा शेवाळाला ऊन नाही, रस्त्या-गटाराचं पाणी तळ्यात. गढूळपणाची रेषाही त्याच दिवशी वर गेलेली. म्हणजे तळं खरंच थोडं खाली आलं होतं. 5.4 चं 4.4 झालं होतं, 3.2 नव्हे.

ही दुरुस्ती फक्त रात्रीच्या आकड्यांना. दिवसा तोच थर ऑक्सिजन बनवतो, त्यामुळे दुपारचे 9.3 सारखे आकडे फुगलेले आहेत, किती ते सांगता येत नाही. त्यांना 1.2 मिळवणं म्हणजे चुकीवर चूक. त्या बारा दिवसांच्या दिवसाच्या नोंदींवर 3 चा शिक्का मारला. समुद्रातल्या आर्गो फ्लोटच्या, म्हणजे आपोआप खाली-वर होत मोजणाऱ्या यंत्रांच्या, डेटात वापरतात तोच संकेत: 1 चांगला, 2 बहुधा चांगला, 3 बहुधा वाईट, 4 वाईट.

यंत्रानं स्वतः का नाही ओळखलं

आपोआप चालणाऱ्या चाचण्या तिन्ही पार झाल्या होत्या. आकडा शक्य त्या मर्यादेत आहे का, आहे. एकच आकडा अडकून बसलाय का, नाही. अचानक उसळी आहे का, नाही. तिसरीचा हिशोब करून बघा: बारा दिवसांत 2.2 ची घसरण, दिवसाला 96 मोजण्या, म्हणजे एका मोजणीमागे 0.002 सुद्धा नाही, आणि सेन्सर वाचतो 0.01 पर्यंत. ही पावलं त्याला दिसणारच नाहीत.

समुद्रात हेच फार मोठ्या प्रमाणावर सांभाळावं लागतं. जगभरात चारेक हजार आर्गो फ्लोट आहेत. ते 1000 मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी 2000 मीटरवर उतरून तिथून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावरून उपग्रहाला पाठवतात. चोवीस तासांत डेटा सगळ्यांना मिळतो. हिंदी महासागराच्या डेटाचं काम हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती संस्था बघते. आर्गोच्या उसळीच्या चाचणीत पृष्ठभागापासून 500 डेसिबारपर्यंत, म्हणजे साधारण 500 मीटर खोलीपर्यंत, तापमानाला 6 अंश आणि क्षारतेला 0.9 एवढी सैल मर्यादा असते. हळू सरकणारी क्षारता त्यात सापडत नाही. ती पुढे, सावकाश, आसपासच्या चांगल्या मोजण्यांशी ताडून दुरुस्त होते. फ्लोट बहुतेक काळ अंधारात आणि थंडीत असल्यानं त्यावर थर कमी बसतो. आपला बोया मात्र कायम उजेडात, कोमट पाण्यात. आर्गोच्या काही फ्लोटांवर ऑक्सिजनचा सेन्सर उंच दांडीवर असतो, वर आल्यावर तो थेट हवेत मोजून घेतो आणि स्वतःला पारखतो. नांगरलेल्या बोयाला ती सोय करायची तर नळी उचलणारी मोटर हवी; ती मोटर स्वतःच पहिली बिघडेल.

समुद्रात नेताना

ब्रश आता दहा दिवसांनी बदलायचा, लांब केसांचा नव्हे, आखूड आणि टणक. मोटर 120 मिलिअँपिअरवर गेली की संदेशात इशारा. सेन्सरभोवती तांब्याची जाळी बसवली आहे, तांब्याजवळ शेवाळ सहजी धरत नाही. ती ॲल्युमिनिअमच्या चौकटीला मात्र टेकता कामा नये, मधे नायलॉनचे वॉशर. तळ्यात चौकट वर्षभर टिकेल, खाऱ्या पाण्यात तांब्याला टेकलेलं ॲल्युमिनिअम काही आठवड्यांत खड्डे पडून जातं. झिजून जाणारा संरक्षक धातूचा तुकडा रंकाळ्यात मॅग्नेशिअमचा होता, समुद्रासाठी जस्ताचा.

सेन्सरमधल्या दोन सेटिंग बदलायच्या. दाब 948 वरून तिथल्या खऱ्या दाबावर, आणि क्षारता शून्यावरून 35 वर. दुसरी विसरली तर 25 अंशांना खऱ्या 6.75 च्या जागी 8.26 दिसेल, बावीस टक्के जास्त, आणि सगळे खुशीत असतील.

किनाऱ्यापासून दूर मोबाइलची रेंज नसेल तर उपग्रह मोडेम लागेल, त्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी आधी काढावी. तिथं पैसे बाइटमागे पडतात. इरिडियम या उपग्रह-सेवेच्या छोट्या मोडेमचा एक संदेश 340 बाइटचा. एक मोजणी अक्षरांत लिहिली तर सत्तरेक बाइट होतात, आकडे घट्ट बांधून पाठवले तर 24. म्हणजे एका संदेशात चार मोजण्यांऐवजी चौदा. मोटरच्या करंटसाठी पंचविसावा बाइट दिला तर तेरा बसतात, तो द्यायचा.

आणि फेऱ्यांचं वेळापत्रक. रंकाळ्यात दहा दिवसांनी नाव मिळते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र खवळलेला. त्या दोन महिन्यांत ब्रशला शेंडी आली तर कापायला जाणार कोण? म्हणून पहिल्या वर्षी बोया पावसाळ्यानंतर टाकायचा आणि मेअखेर वर काढायचा, असं ठरलं आहे.

महापालिकेला गेलेल्या टिपणात 4.4 हा आकडा, पहाटे पावणेसहाची वेळ आणि "हातातल्या मीटरनं" हे शब्द आहेत. कच्ची रेषा पुसलेली नाही. दुरुस्त आकडे शेजारच्या वेगळ्या स्तंभात आहेत, आणि शेंडीचा फोटो सोबत जोडला आहे.